आरसा घेऊन कामणदुर्गावर

दुरून डोंगर साजरे, असं शहाणी माणसं म्हणतात. आमच्या घरात डोंगर साजरा दिसतो की नाही याचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. आमच्याकडे डोंगर कामाला यायचा. माझे बाबा वसईच्या पाचूबंदरचे कोळी. समुद्रात जाळं कुठे टाकायचं आणि टाकलेलं पुन्हा कुठे शोधायचं, हे ते किनाऱ्याकडे तोंड करून ठरवायचे. पूर्वेच्या रांगेत त्यांचा एक डोंगर होता. त्याचं नाव म्हातारा. कुणी म्हातारं माणूस गुडघ्यांत मान घालून, पाठीला पोक काढून बसलंय, असा तो समुद्रातून दिसतो म्हणे. त्या पोकाच्या बरोबर खाली आमच्या चर्चचा मनोरा आला, की बोट योग्य रेघेवर आली असं समजायचं.

"एक डोंगर नुसती रेघ देतो," बाबा सांगायचे. "जागा पायजे तर दुसरा डोंगर पायजे."

दुसरा कोणता, हे मी कधी विचारलं नाही. मला म्हातारा पुरेसा होता. शाळेत नुकतीच जायला लागले होते तेव्हा एकदा बाबा ओट्यावर फाटकं जाळं सांधत बसले होते आणि मी त्यांना विचारलं होतं, "तुम्ही म्हाताऱ्याला बघता, तसा तो तुम्हाला बघतो का?"

"तू चढ त्याच्यावर, आन् मना सांग."

"मी वरून हात केला तर दिसेल?"

"हात नाय दिसनार. आईचा आरसा ने. उन्हात धर. तो दिसंल."

तेव्हापासून ते आमचं ठरलेलं होतं. मधे माझं शिक्षण झालं, पतपेढीतली नोकरी झाली, सांगलीकडच्या माणसाशी लग्न झालं, बोळिंजला फ्लॅट झाला, आई गेली. दर नाताळला फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे गोड गोळे, तळताना बाबा विचारायचे, "रेजू, कवा चढतेस म्हाताऱ्यावर?" आणि मी म्हणायचे, "पुढच्या वर्षी." आम्ही दोघंही हसायचो. मग या वर्षी त्यांनी बोट विकायला काढली.

पाचूबंदर

बाबांचे गुडघे आणि माझा भाऊ, दोघांनीही समुद्राला रामराम ठोकला होता. भाऊ आखातात क्रेन चालवतो, आणि त्याला समुद्र दिसतो तो फक्त विमानाच्या खिडकीतून. बोट बंदरातल्याच एका तरुण गड्याला द्यायची ठरली. रविवारी चर्चमधल्या मिसानंतर, म्हणजे प्रार्थनेनंतर, तो ती ताब्यात घेणार होता. त्याआधी शनिवारी दुपारी बाबा आणि बोटीवरचे त्यांचे जन्मभराचे जोडीदार जुजेकाका शेवटचं जाळं उचलून आणणार होते.

आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्याच आठवड्यात जाहिरात येऊन पडली. 'कामणदुर्ग सूर्यास्त ट्रेक. शनिवार. सोबत अनुभवी मार्गदर्शक, चहा-नाश्ता.' एरवी मी अशा जाहिराती योगासनांच्या व्हिडिओसारख्या, म्हणजे न उघडता पुसून टाकते. ही मात्र उघडली आणि नाव नोंदवून मोकळी झाले.

तुम्ही म्हणाल, एवढंच होतं तर बाबांबरोबर बोटीतूनच का गेली नाही ही बाई? तर आमच्याकडे धंद्याच्या बोटीत बाईमाणूस बसत नाही. फादर येऊन बोटींना आशीर्वाद देतात त्या दिवशी तेवढं नटूनथटून चढायचं, फोटो काढायचा आणि निमूट उतरायचं. बाबांच्या शेवटच्या फेरीला हजर राहायला माझ्यासाठी एकच जागा शिल्लक होती, ती डोंगरावर.

बाबांना सांगितलं तेव्हा आधी म्हणाले, "येडी झाली का?" मग उठले आणि स्वयंपाकघराच्या दाराजवळचा आरसा स्वतःच खिळ्यावरून काढला. लाकडी चौकटीचा, एका कोपऱ्यात पारा उडालेला. बाजाराला निघण्याआधी आई त्यात बघून अंबाड्यात अबोली खोवायची. बाबांनी तो जुन्या टॉवेलात गुंडाळला, जाळ्याच्या नायलॉन दोरीनं बांधला आणि दातांनी गाठ आवळली.

"सूर्य बुडायच्या आधी मी म्हाताऱ्यावर डोला ठेवून बसतो," ते म्हणाले. "दिसला तर दिसला, नाय तर नाय."

एवढं बेफिकिरीनं बोलून झाल्यावर फोन चार्ज केलास का, हे मला तीनदा विचारलं. समुद्रात त्या जागेपर्यंत फोन लागतो, फक्त वाऱ्यात ऐकू कमी येतं.

आता म्हातारा म्हणजेच कामणदुर्ग हे मी कशावरून ठरवलं? ऐका. बाबांना डोंगराचं जमिनीवरचं नाव माहीत नव्हतं. "मी स्टेशनच्या पलीकडं गेलो तो लग्नाला नाय तर मयताला," असं ते अभिमानानं सांगतात. आमच्या घरात पूर्वेकडचं एकच नाव वावरायचं, ते म्हणजे आईचं कामण. दर मे महिन्यात पावसाच्या आधी आई सुके बोंबील आणि सुकट टोपलीत भरून एसटीनं कामणच्या बाजूला जायची आणि तिथल्या पाड्यांवर ते देऊन बदल्यात तांदूळ आणायची. दोन दिवस आम्ही मावशीकडे. आई परत आली की डब्यात तो तांदूळ ओतल्याचा आवाज आणि पहिल्या भाताचा वास, हे माझ्या लहानपणातलं सगळ्यात मोठं सुख होतं. बाबांचा डोंगर आणि आईचं कामण ही दोन्ही पूर्वेलाच. मी पोरवयात ती एकाला एक चिकटवून टाकली आणि नंतर कधी उकलून बघितली नाहीत.

पायथ्याचा पाडा

पाड्यावर पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आमची मार्गदर्शक सायली, विरारची, जेमतेम तिशीची. आठवडाभर कंपनीत कॉम्प्युटरसमोर बसते आणि शनिवार-रविवार लोकांना डोंगरावर हाकते. गळ्यात शिट्टी. तिनं सगळ्यांना गोल उभं केलं आणि म्हणाली, "गाईज, दोनच रूल. कुणी एकटं पुढे जायचं नाही, आणि सनसेट झाला की पाच मिनिटांत उतरायला लागायचं. आणि मॅडम, हे काय आहे?"

हे म्हणजे माझ्या काखेतलं गाठोडं.

"आरसा," मी म्हटलं.

बोळिंजच्याच दोन कॉलेजकन्यका खुसखुसल्या. "काकू, मेकअप करणार वर?"

"सूर्याला बुडायच्या आधी तोंड बघायचं असतं," मी म्हटलं. खरं कारण सांगायची तेव्हा लाज वाटली.

नाश्ता एका घराच्या पडवीत होता. तांदळाची भाकरी, वालाची उसळ, कोरा चहा. ग्रुपमधल्यांनी ठेपले, चिक्की आणि चॉकलेटं काढली. मी माझा डबा उघडला, त्यात सुक्या बोंबलाची चटणी. आमच्याकडे प्रवासाला निघताना ही असतेच, ती खराब होत नाही आणि सहसा कुणी मागतही नाही. या वेळी मात्र शेजारी बसलेल्या सोनवणेकाकांनी नाक वर केलं. हे मूळचे नाशिककडचे, निवृत्त, सध्या नालासोपाऱ्याला.

"बाई, हा वास आमच्या मजल्यावर आला की मी भांडायला जातो," ते म्हणाले. "पण आज भूक लागलीय. द्या जरा." आणि अर्धा डबा फस्त केला.

वास घरातही पोचला असावा. भाकऱ्या भाजणाऱ्या घरमालकीणबाई हात पुसत बाहेर आल्या. आजी म्हणाव्यात अशा वयाच्या, काटक. माझ्या डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"कुठनं आलीस गं?"

"पाचूबंदर. वसई."

"आमच्याकडं तिथली एक कोळीन यायची. सुकट आनायची. आमी तिला तांदूल मापून द्यायचो. ती आली नाय तर आमचा पावसाळा अळनी." मग त्यांनी हात डोक्यामागे नेला. "हितं अबोली असायची. आन् हसायची कशी, पार त्या टोकाच्या घरात आयकू जायचं."

माझा घास तोंडातच राहिला. "मोनिका?" मी विचारलं.

"तीच. तुझी कोन?"

"आई."

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला, पिठाचाच. आई आता नाही हे मला सांगावं लागलं नाही, त्यांना माझ्या तोंडावरून कळलं. अंगणाच्या कडेच्या आंब्याकडे बोट करून म्हणाल्या, "माल सपला की तिथं बसायची, एसटीची येळ व्हईपर्यंत. तोंड कायम तिकडं, मावळतीला. मी म्हनायची, काय बगतेस, समुद्र काय दिसत नाय हितून. तर म्हनायची, नाय दिसू दे. माझा माणूस या येळेला घराला निघतो."

मी आंब्याखाली जाऊन उभी राहिले. खरंच समुद्र दिसत नव्हता. समोर भाताची कापलेली खाचरं, त्यापलीकडे झाडी, बस. पण मला तिथून हलवेना. शेवटी सायलीची शिट्टी वाजली.

चढ

चढाचं वर्णन काय करायचं? वाट वर जाते आणि माणूस खाली ओढला जातो. पहिल्या टप्प्याला सागाची पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. पुढे कारवीचं रान आणि घसरडी माती. आम्ही बंदरावरची माणसं वाळूत दिवसभर चालू, पण चढ म्हटला की आमची मजल चर्चच्या पायऱ्यांपर्यंत. मी तिसऱ्या वळणालाच फुप्फुसं हातात घेतली होती. कॉलेजकन्यका शेळ्यांसारख्या पुढे. मागे मी आणि सोनवणेकाका, ते दर झाडाचा फोटो काढत होते.

अर्ध्या वाटेवर काकांच्या बुटाचा तळ सुटला. सुटला म्हणजे पूर्णच, मगरीसारखा आ वासून. बूट म्हणे खूप वर्षं माळ्यावर जपून ठेवले होते. सायलीच्या पिशवीत बँडेज होतं, गोळ्या होत्या, बुटाला बांधायला काही नव्हतं. मी आरशाची दोरी सोडली, काकांचा पाय मांडीवर घेतला आणि बाबा जाळ्याच्या तरंगत्या बोयाला मारतात तशी गाठ मारून तळ बांधून दिला.

"बाई, हे आता सुटणार कसं?" काकांनी विचारलं.

"सुटणार नाही. घरी गेल्यावर कापायचं."

आरसा आता नुसत्या टॉवेलात, म्हणून मी तो बाळासारखा छातीशी धरला. या सगळ्यात वेळ गेला तो गेलाच. खिंडीत पोचलो तेव्हा ऊन तिरपं होऊन पिवळं झालं होतं. सायलीनं घड्याळ बघितलं आणि हिशेबी चेहरा केला.

"ओके. जे स्लो आहेत ते इथंच थांबतील, पाड्यातून आलेले दादा सोबत राहतील. इथूनपण सनसेट मस्त दिसतो. काका, तुम्ही. आणि मॅडम, सॉरी, तुम्हीपण."

मी म्हटलं, "मी वर जाणार."

"मॅडम, सेफ्टी आहे. दम लागलाय तुम्हाला."

मग मला सांगावंच लागलं. धापा टाकत, निम्मे शब्द गिळत सांगितलं. आत्ता या क्षणी माझे बाबा समुद्रात आहेत, आयुष्यातल्या शेवटच्या फेरीवर. ते याच डोंगराकडे बघत बसलेत. उद्या बोट नसेल. लहानपणापासून मी त्यांना पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी म्हणत आलेय आणि आता पुढचं वर्ष नाही. बोलता बोलता रडायलाच आलं, आणि मी चारचौघांत रडणाऱ्यातली नाही.

सायलीनं पुन्हा घड्याळ बघितलं. काकाच म्हणाले, "अगं पोरी, जाऊ दे तिला. मी बसतो इथे. माझ्या पायाला कोळ्याची गाठ आहे, मी कुठे पळत नाही."

सायलीनं माझी पाठपिशवी काढून स्वतःच्या पुढ्यात अडकवली. "चला," ती म्हणाली. "पण बसायचं नाही मध्ये. बसलात तर मी खाली नेणार."

शेवटचा चढ मी कसा चढले ते मला आठवत नाही. सायलीची टाच आठवते, आणि आरशाची चौकट बरगडीत रुतत होती ते आठवतं.

माथा

माथ्यावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, थोडा मोकळा दगडधोंडा आहे, आणि बाकी सगळं आकाश. खाली आमची अख्खी वसई पसरली होती. खाडीचं पाणी, मिठागरांचे चौकोन, वसईपासून विरारपर्यंत उभे राहिलेले टॉवर. त्यात कुठेतरी बोळिंजचा माझा तिसरा मजला. पलीकडे नंदाखाल गावाच्या बाजूची नारळी-केळीची हिरवी पट्टी, आणि तिच्या मागे समुद्र. मी जन्मभर समुद्राकडे उभी राहून बघत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा तो मला असा आडवा दिसला. वर धुरकट थर होता आणि सूर्य त्या थरात शिरायच्या बेतात होता.

मी फोन लावून स्पीकरवर टाकला आणि शेजारच्या दगडावर ठेवला. बाबांशी बोलताना माझी जीभ आपोआप बंदरावर जाते.

"बाबा, मी चढली. म्हाताऱ्याच्या डोक्यावर हाय."

"कसा हाय तो?" इंजिनाच्या आवाजातून त्यांनी विचारलं.

"दगड हायेत नुसते. तुम्ही बघता ना?"

"बघतो तर. त्याच्या पोकावरच डोला हाय माझा."

सायलीनं आरसा कसा धरायचा ते दाखवलं. डाव्या हाताची दोन बोटं लांब करून फट करायची, समुद्राचा तुकडा त्या फटीत धरायचा आणि कवडसा बोटांवर पडेल असा आरसा तिरका करायचा. मी तसं करून हळूहळू समुद्रभर फिरवत राहिले.

"दिसला?"

"नाय."

"आता?"

"नाय गं. म्हातारा कालाकुट्ट हाय."

सूर्य तांबडा झाला. कवडसाही फिका पडला. माझे दंड थरथरायला लागले, तेव्हा सायलीनं खालून आरशाला हात दिला. फोनवर बाबांचा आवाज मऊ झाला. "ऱ्हाऊ दे, रेजू. धुरकं हाय. तू चढलीस ना, झालं. मना पोचलं."

त्यांना पोचलं असेल, मला नव्हतं पोचलं. मी आरसा फिरवतच राहिले. आणि फोनमध्ये बाबांच्या मागून जुजेकाकांची आरोळी ऐकू आली, "आरं, तिकडं काय बघतोस! म्हातारीवर बघ! म्हातारीवर कायतरी चमाकतंय!"

मग बाबा म्हणाले, "रेजू, हाय तिथंच धर, आन् आरसा झाक."

मी तळव्यानं झाकला.

"उघड."

उघडला.

"परत झाक." मी झाकला. "रेजू, तू म्हातारीवर हायेस."

"कोन म्हातारी?"

"दुसरा डोंगर. तुना बोललो नाय का, एकानं जागा होत नाय? धंद्याला जाताना म्हातारा. घराला येताना म्हातारी. तिच्यावर बोटीचं नाक ठेवायचं, सरल बंदर."

"मग हिचं कधी सांगितलं नाय ते?"

"तिचं काय सांगायचं? घर काय, सगल्यांना सापडतं."

म्हणजे मी चुकीचा डोंगर चढून आले होते. पन्नाशीला, एवढ्या धापा टाकून, काखेत आरसा घेऊन. मला हसू यायला लागलं आणि ते मधेच थांबलं, कारण तो आंबा आठवला.

"बाबा, म्हातारीच्या खाली कामन हाय. आईचं कामन."

"काय बोलतेस?"

"पायथ्याला आंबा हाय. सुकट संपली की आई त्याच्याखाली बसायची, मावळतीला तोंड करून. आज एका आजींनी सांगितलं. म्हनायची, माझा माणूस या वेळेला घराला निघतो."

इंजिनाचा आवाज बंद झाला. त्यांनी ते मुद्दाम बंद केलं असावं. पाण्याचा बोटीवर आपटण्याचा आवाज मला त्या डोंगराच्या टोकावर ऐकू येत होता.

"मे महिन्यात," बाबा म्हणाले, "मी घराला येताना बोलायचो, मोनिका कुठं त्या डोंगरात जाऊन बसली. घर रिकामं हाय. आन् मी तिच्यावरच नाक ठेवून येत होतो."

थोड्या वेळानं इंजिन सुरू झालं.

"आरसा झाकू नको आता," ते म्हणाले. "मी बोट फिरवतो."

मागे सगळे सूर्यास्ताचे फोटो काढत होते, ओरडत होते. ज्यासाठी लोक एवढा डोंगर चढून आले तो सूर्यास्त मी बघितला नाही. मी माझ्या दोन बोटांवरचा कवडसा बघत होते. तो तांबूस झाला, मग नुसता डाग राहिला, मग बोटं साधी झाली.

"विझला, बाबा."

"दिसलं. उतर आता, आन् पायाखाली बघून उतर. पुढची वाट ठाव हाय मना."

बांधायला दोरी नव्हती. मी आरसा टॉवेलात गुंडाळला आणि छातीशी धरून सायलीच्या विजेरीमागे उतरायला लागले. खिंडीत सोनवणेकाका वाट बघत होते. "दिसला का?" त्यांनी लांबूनच विचारलं. मी मान डोलावली, तर त्या एवढ्याशा ओळखीच्या माणसानं डोळे पुसले.

पुन्हा पाचूबंदर

रविवारी मिसानंतर आम्ही सगळे धक्क्यावर गेलो. त्या तरुण गड्यानं बोटीला हार घातला, इंजिन चालू करून बघितलं. बाबा त्याला काय कुठे आहे ते दाखवत होते, पंप कसा अडतो, फळी कुठली बदलायला झालीय. मग खुणा सांगायला लागले.

"दादा, माझ्याकडं जीपीएस हाय," तो म्हणाला.

"असू दे. त्याची बॅटरी जाते." बाबांनी त्याला खांद्याला धरून पूर्वेकडे वळवलं. "ध्यानात ठेव. जाताना म्हातारा बघ. येताना मोनिका."

"मोनिका कोन?"

बाबांनी बोट दाखवलं.